कशावरून?

बिबवेवाडी, अप्परच्या शेवटच्या स्टॉपमागची मनपाची शाळा.
तिसरी ब.
फळ्यावर मी लिहिलं: आमची शाळा छान आहे.
खाली चार रेघा मोकळ्या सोडल्या.
म्हटलं, सांगा, कशावरून?

"बाई, खूप छान आहे."
"बाई, लईच छान आहे."
अरमान बाकावर चढून ओरडला, "सगळ्यांत छान आहे!"
वाक्य एकच, आवाज तेवढा वाढत गेला,
संध्याकाळी माल उरला की
भाजीवाल्याचा वाढतो तसा.

ओरडून वाक्य उभं राहत नाही रे, मी म्हटलं.
शिबिरात आम्हाला टेबलाचं चित्र दाखवलं होतं:
वर मुख्य विचार, खाली तपशिलांचे चार पाय.
आमच्या वर्गात टेबल नाही. खुर्ची आहे,
तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
मी घडी काढली, बसले, डुगडुगून दाखवलं.
वर्ग हसला.
त्यातून थोडं कळलं असावं.

कारण मग मागून स्वरांगी पुटपुटली,
"टाकीच्या भेगेत पिंपळ उगवलाय
आणि लांडगेमामा तो उपटत नाहीत.
बाटली विसळली की पाणी त्यालाच ओततात."
मी खडू तिच्या हातात दिला.
पहिल्या रेघेवर पिंपळ आला,
वेलांटी चुकलेला, पण आला.

आठवडाभर तो शब्द घरोघर हिंडला.
अरमानचे अब्बा फाटकाशी आले, हाताचं ऑइल पुसत:
"बाई, मी म्हटलं झोप, उद्या शाळा आहे,
तर म्हणतो, कशावरून?"

साहेब आले, तेरा मिनिटं बसले,
शेरेबुकात लिहून गेले: अध्यापन समाधानकारक.
त्याखालीही चार रेघा मोकळ्या होत्या.
लाल पेन माझ्या हातात होतं.
मी टोपण लावलं.

शुक्रवारी वह्या आल्या. घरातलं एक माणूस.
प्रांजल वाघमोडेच्या वहीला शेवंतीचा वास.
आमची आई कधीच थकत नाही.
आणि खाली, सांगितले तसे, चार तपशील:

आई पहाटे तीनला मार्केट यार्डात फुलं आणायला जाते.
आई हार ओवताना झोपते, मग सुई बोटात जाते.
आई बसमध्ये झोपते, कंडक्टर काका शेवटच्या स्टॉपला उठवतात.
रात्री आईच्या हातात घास असतो आणि डोळे मिटलेले असतात.

डी.एड.ला शिकले होते,
जो तपशील मुख्य वाक्याशी जुळत नाही
त्याखाली रेघ मारावी.
इथे चारही पाय धड होते,
वरची फळीच दुसऱ्या कुठल्या टेबलाची.
रेघ मारू कशाखाली?
समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: परत वाच.

सोमवारी वही परत आली.
तपशिलांना तिनं हात लावला नव्हता.
पहिलं वाक्य मात्र इतकं खोडलं होतं
की कागदाला भोक पडलेलं,
त्यातून मागच्या पानावरच्या बेरजेचा
हातचा एक दिसत होता.
भोकाच्या कडेकडेनं, जागा पुरवत पुरवत:
आमची आई म्हणते, मी कधीच थकत नाही.

"आता बसतंय का, बाई?"
बसतंय, म्हटलं.
"कशावरून?"

मी तिच्याच चार ओळी तिला वाचून दाखवल्या, सावकाश.
तिसरीपाशी तिनं मला थांबवलं.
"कंडक्टर काकांचं नाव घालू?"
घाल की.
उभ्या उभ्याच, माझ्या डुगडुगत्या खुर्चीच्या हातावर वही टेकवून
तिनं ओळीच्या वर, बारीक अक्षरात बसवलं:
त्यांचं नाव भिसे.
ते हळूच उठवतात.